साथीदाराचे मोल



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो बोनस, महागाई नाहीतर कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे धरून चालण्याचा प्रघात आहे. संयोजकांनीही तसेच धरले होते. मी विषय कळवला तेव्हा त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. विषय असा : इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहराचा ड्रमवादक बिल वॉर्ड, आणि ज्यात त्याची उमेदीची वर्षे गेली तो ‘ब्लॅक सॅबथ’ हा वाद्यवृंद.

माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे सारे रात्रीच्या वाचनालयात झाले, आणि या संगीताचे म्हणाल तर कारखान्याच्या टूलरूममध्ये. तिथे एक गोव्याचा सहकारी होता. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत तो कॅसेट लावी. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी त्याला म्हणालो, ‘चार तास प्रेसचा आवाज ऐकून तुझे पोट भरले नाही का?’ तो हसला आणि म्हणाला, ‘गिटार सोड. आज नुसता ड्रम ऐक.’ त्या एका सूचनेवर आजचे हे भाषण उभे आहे.

तेव्हा मी पंडित म्हणून बोलत नाही. तीस वर्षे माणसांच्या कामाची किंमत ठरवताना मालकांशी हुज्जत घातलेला एक माणूस म्हणून बोलतो. चार जणांनी मिळून केलेल्या कामात एकाचे मोल कसे ठरवावे, हा माझ्या धंद्यातला रोजचा प्रश्न आहे. बिल वॉर्डच्या चरित्रात तोच प्रश्न मला जितका उघडा दिसला तितका कुठल्या वेतनकरारातही दिसला नाही.

आधी गाव पाहू. बर्मिंगहॅमला ‘हजार धंद्यांचे शहर’ म्हणत. टाकाच्या निबांपासून बंदुकांपर्यंत आणि खिळ्यांपासून मोटारींपर्यंत धातूची अशी वस्तू क्वचितच असेल जी तिथे होत नसे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी म्हणूनच या शहरावर बाँबचा वर्षाव केला. युद्धानंतर जन्मलेली मुले पडक्या घरांच्या ढिगाऱ्यांवर खेळत वाढली. शहरातला ॲस्टन हा भाग म्हणजे कामगारांची वस्ती. १९४८-४९ या दोन वर्षांत जन्मलेली चार मुले तिथे वाढली. टोनी आयोमी आणि बिल वॉर्ड १९४८ च्या पूर्वार्धात, ऑझी ऑस्बर्न त्याच वर्षाच्या डिसेंबरात आणि गीझर बटलर १९४९ च्या जुलैत. ऑझीचा बाप रात्रपाळीचा टूलमेकर होता. ऑझी स्वतः कत्तलखान्यात राबला, मोटारींचे भोंगे जुळवण्याच्या कामावरही होता. बटलर हिशेबनिसाची उमेदवारी करीत होता. आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर होता. मागाहून, १९७२ च्या फेब्रुवारीत, याच शहरातले इंजिनिअरिंग कामगार हजारोंच्या संख्येने चालत सॉल्टलीच्या कोक डेपोवर गेले आणि संपावर असलेल्या खाणकामगारांसाठी त्यांनी त्या डेपोचे दार बंद पाडले. त्याच वर्षी या चौघांची चौथी तबकडी निघाली. गाव कसे होते ते यावरून ध्यानात यावे.

आता आयोमीची हकिकत थोडी सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून वॉर्डचे काम समजत नाही. आयोमी सतरा वर्षांचा होता. गिटार वाजवण्यासाठी परदेशी जायचे म्हणून त्याने नोकरी सोडली होती आणि तो कामाचा शेवटचा दिवस होता. पत्रा दाबण्या-कापण्याच्या यंत्रावरची नेहमीची व्यक्ती त्या दिवशी आली नाही, म्हणून याला तिथे उभे केले. यंत्र खाली आले आणि उजव्या हाताच्या मधल्या व अनामिका या दोन बोटांची टोके गेली. माणूस डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. श्रोतेहो, दुसऱ्याच्या यंत्रावर बिनसरावाचा माणूस उभा केला की बोट जाते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्याकडे १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होते. मधल्या बोटाचे एक पेर गेले तर कमाईची ताकद सात टक्के कमी झाली असे धरायचे, अनामिकेचे गेले तर पाच टक्के. असे अर्ज मी किती लिहिले याची गणती नाही. परंतु बोट गेलेल्या माणसाला वाजवायचे असेल तर किती टक्के, हे कोणत्याच परिशिष्टात नसते.

कारखान्यातल्या त्याच्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी आणून ऐकवली. जँगो हा जिप्सी गिटारवादक. आगीत त्याचा हात भाजला होता आणि तो मुख्यतः दोन बोटांनी वाजवी. आयोमीने भांडी धुण्याच्या द्रवाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले आणि गिटारला हलक्या तारा लावल्या. पुढे त्याने त्या सैल केल्या. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या तबकडीपर्यंत काही गीतांत तो तारा दीड स्वराने उतरवून वाजवू लागला होता. त्यातून जो जाड, खर्जाचा, सावकाश पुढे सरकणारा नाद निघाला, त्यालाच जग पुढे ‘हेवी मेटल’ म्हणू लागले.

इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. तिथेच ती संपवण्याचा प्रघातही आहे. पण तिच्यातून पुढचा प्रश्न निघतो. गिटार जेव्हा सावकाश आणि खर्जात बोलू लागते तेव्हा दोन स्वरांमध्ये मोठी मोकळी जागा पडते. ती जागा कोणी सांभाळायची? चुकीच्या माणसाच्या हाती ती गेली असती तर हे संगीत चिखलात रुतलेल्या बैलगाडीसारखे झाले असते. ती गेली बिल वॉर्डच्या हाती.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. ड्रम म्हणजे एका माणसाच्या दोन्ही हातापायांत वाटून दिलेला वाद्यांचा संच. उजव्या पायाखालच्या पट्टीने मोठ्या ढोलावर आघात होतो, तो बेस ड्रम. डाव्या पायाखाली हाय-हॅट, म्हणजे एकीवर एक बसवलेल्या दोन झांजा. पाय दाबला की त्या मिटतात, सैल केला की उघडतात. गुडघ्यांच्या मधे स्नेअर. त्याच्या खालच्या अंगाला तारा असल्यामुळे तो ताशासारखा करकरतो. समोर आणि बाजूला टॉम नावाचे लहानमोठे ढोल, आणि वर अडकवलेल्या मोठ्या झांजा. साधा रॉक ड्रमवादक चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या नि चौथ्या मात्रेवर स्नेअर ठोकतो आणि बाकीचे तीन जण त्या खुंटीला बांधल्यासारखे चालतात. त्यात काही कमीपणा नाही. पुष्कळ चांगले संगीत त्याच खुंटीवर उभे आहे.

वॉर्ड निराळ्या शाळेत शिकला होता. त्याच्या कानांवर लहानपणापासून अमेरिकेतल्या मोठ्या जॅझ वाद्यवृंदांच्या तबकड्या पडल्या. जीन क्रुपा हा त्याचा आदर्श. बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात १९३० नंतरच्या दशकात क्रुपाने ड्रमला मागच्या रांगेतून पुढे आणले. या जॅझमधली मुख्य चीज म्हणजे ‘स्विंग’. आपल्या भाषेत सांगायचे तर मात्रेचे दोन सारखे तुकडे करण्याऐवजी तीन करायचे आणि मधला गाळायचा. मग पहिला ठोका लांबतो, दुसरा उशिरा येऊन पुढच्या मात्रेत उडी घेतो. चाल झुलती होते. जड ओझे डोक्यावर घेतलेला हमाल ताठ चालत नाही, कमरेत किंचित झोका देऊन चालतो आणि त्या झोक्यामुळेच ते ओझे त्याला पेलते. ब्लॅक सॅबथचे ओझे वॉर्डने असेच पेलले. ‘विकेड वर्ल्ड’ या आरंभीच्या गीतात वरच्या झांजांवरची त्याची चाल सरळ जॅझची आहे. ‘फेअरीज वेअर बूट्स’ मध्येही तोच झोका आहे.

त्याची दुसरी विशेषता उत्तर देण्याची. आपल्याकडे तबलजी ठेका धरतो, परंतु जाणता तबलजी गवयाच्या स्वरातून सुटलेली जागा ऐकतो आणि तिथेच एखादा बोल टाकतो. वॉर्ड आयोमीच्या गिटारीशी असे वागतो. वाद्यवृंदाच्याच नावाचे जे गीत पहिल्या तबकडीच्या आरंभी आहे, त्याची सारी मांडणी तीन स्वरांची : षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातले अंतर युरोपीय संगीतात फार दिवस अशुभ मानले जाई, त्याला सैतानाचे नावही चिकटले. त्या तीन स्वरांनंतर गिटार घुमत राहते आणि त्या घुमण्याच्या काळात वॉर्डचे हात टॉमवरून असे फिरतात की लांबून गडगडाट जवळ येतो आहे असे वाटावे. प्रत्येक आवर्तनात उत्तर निराळे. ‘वॉर पिग्ज’ हे युद्धखोरांवरचे गीत १९७० चे, व्हिएतनामचे युद्ध चालू होते तेव्हाचे. त्याच्या पहिल्या भागात संथ, तीन-तीनची झुलती लय आहे. मग एकाएकी सारे थांबते. गायक एकटा ओळ म्हणतो, गिटार मधूनच दोन आघात करून गप्प होते, आणि त्या पोकळीत चालू राहते ती फक्त हाय-हॅटची टिकटिक. त्या वेळी न वाजवण्याचे धैर्य ज्याच्याजवळ आहे तोच खरा साथीदार. ‘आयर्न मॅन’ उघडते ते एकट्या बेस ड्रमच्या सावकाश पावलांनी. ‘प्लॅनेट कॅराव्हॅन’ या हळव्या गीतात तो संच सोडून काँगो ढोल हाताने वाजवतो. ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ मधली घोडदौड तर एका माणसाची वाटतच नाही.

या संगीताविषयी एक लोकप्रिय सिद्धांत आहे. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत प्रेस आणि घण यांचा जो अहोरात्र आवाज चाले, तोच या मुलांनी वाद्यांत उतरवला, असे म्हणतात. ऐकायला हे गोड आहे, आणि गावाचा परिणाम माणसावर होतो हे मीही नाकारत नाही. परंतु प्रेसजवळ उभे राहून काम केलेल्या माणसाला हा सिद्धांत अर्धाच पटेल. प्रेसचा गुण हा की तिचा दहा हजारावा ठोका पहिल्या ठोक्यासारखाच असतो. तिला दमणे नाही, ऐकणे नाही, थांबणे नाही. वॉर्डचे वादन याच्या अगदी उलट आहे. तो कडव्यात थोडा मागे रेंगाळतो, गिटार पेटली की पुढे झेपावतो. टीकाकार याला लयीची कच्ची बाजू म्हणतात, आणि घड्याळ लावून मोजले तर लय हलते हे खरेच आहे. पण ती चौघांची मिळून हलते. १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनच्या एका स्टुडिओत त्यांनी पहिली तबकडी एका दिवसात मुद्रित केली. चौघे एकत्र उभे राहून, जणू रोजच्या जलशात वाजवावे तसे वाजवले. त्याआधी हँबर्गच्या स्टार क्लबात एका दिवसात अनेकदा वाजवून त्यांचे एकमेकांच्या श्वासावर लक्ष बसले होते. पुढच्या काळात मुद्रणाच्या वेळी कानात टिकटिक यंत्र लावून वाजवण्याची पद्धत पडली. तिचे फायदे आहेत. पण तेव्हा ड्रमवादक यंत्राचे ऐकतो आणि बाकीचे त्याचे ऐकतात. वॉर्ड माणसांचे ऐकत होता. म्हणून मी म्हणतो की हा कारखान्याचा प्रतिध्वनी नव्हे. कारखान्यात ज्यांच्या जन्माची वर्षे जायची होती त्यांनी कारखान्याला दिलेला हा जबाब आहे.

आता कोणी विचारील, इतका मोठा वादक तर त्याचे नाव मागे का पडले? याला एक योगायोगही कारण आहे. ज्या महिन्यात वॉर्ड जन्मला त्याच १९४८ च्या मे महिन्यात, बर्मिंगहॅमजवळच्याच रेडिच गावी जॉन बॉनम जन्मला. तो पुढे लेड झेपेलिनचा ड्रमवादक झाला. बॉनमचा आघात ऐकताक्षणी ओळखू येतो. तो दारातून आत आला की खोली भरते. वॉर्डचे तसे नाही. त्याचे उत्तम काम गिटारीच्या दोन वाक्यांमध्ये लपलेले असते आणि ऐकणाऱ्याला वाटते की गिटारच किती छान बोलते आहे. साथीदाराच्या नशिबी हे असतेच. शिवाय आरंभीच्या वर्षांत इंग्लंड-अमेरिकेतल्या टीकाकारांनी या वाद्यवृंदाला खिजगणतीतच धरले नाही. ओबडधोबड पोरांचा गोंगाट म्हणून त्याची वासलात लावली. ज्या घराचीच निंदा होते त्या घरातल्या मागच्या खोलीकडे कोण पाहणार?

परंतु त्या चौघांचा आपसांतला हिशेब मात्र सरळ होता, आणि चळवळीतला माणूस म्हणून मला त्याचे फार अप्रूप वाटते. गिटारीची मूळ वाक्ये बहुधा आयोमीची, शब्द बहुतांशी बटलरचे, चाल ऑझीची. तरी ऑझीच्या काळातल्या त्यांच्या स्वतःच्या बहुतेक गीतांखाली चौघांची नावे एकत्र आहेत. ड्रमवादकाने शब्द लिहिला नाही, स्वर बांधला नाही, म्हणून त्याला गीताचा वाटेकरी न मानण्याची रीत या धंद्यात सर्रास आहे. ॲस्टनच्या या मुलांनी ती मानली नाही. चौघे खोलीत असल्याशिवाय ते गीत तसे झाले नसते, एवढे त्यांना कळत होते.

पैसा आला, दौरे वाढले, व्यवस्थापकांशी कोर्टकज्जे झाले आणि दारू व इतर व्यसने चौघांच्याही घरात शिरली. तिथून हिशेब बिघडला. वॉर्ड स्वभावाने मऊ, म्हणून थट्टेचा धनी बहुधा तोच. थट्टेथट्टेत त्याला पेटवून देण्यापर्यंत मजल गेली आणि एकदा त्याचे पाय गंभीर भाजले, हे आयोमीने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. खात्यात सर्वांत मऊ माणसाची अशीच दशा होते. पाहिलेल्या माणसाला हे ऐकून हसू येत नाही.

१९७९ च्या एप्रिलात ऑझीला काढून टाकायचे ठरले. त्याला ते सांगायला कोणी जायचे? ऑझीचा सर्वांत जवळचा मित्र वॉर्ड, म्हणून त्यालाच पाठवले. श्रोतेहो, कमी केल्याचे पत्र कामगाराच्या हाती देण्यासाठी त्याच्याच शेजारच्या यंत्रावरच्या दोस्ताला पाठवण्याची युक्ती काही फक्त मालकांनाच सुचते असे नाही. वॉर्डने ते काम केले. पण ते त्याला पचले नाही. नवा गायक रॉनी जेम्स डिओ याच्याबरोबर त्याने १९८० ची ‘हेवन अँड हेल’ ही तबकडी वाजवली. ती उत्तमही झाली. मात्र ऑगस्टात दौरा अर्धा टाकून तो निघून गेला. ऑझीशिवाय मंचावर बसणे आपल्याला असह्य झाले होते आणि दारू चोवीस तासांची झाली होती, असे त्याने मागाहून सांगितले. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला जॉन बॉनम अतिमद्यपानाने मेला. एकाच महिन्यात जन्मलेले दोन वादक. एक गेला आणि दंतकथा झाला, त्याचा वाद्यवृंद त्याच्यामागे बरखास्त झाला. दुसऱ्याने उठून जाऊन पुढे दारू सोडली, तो जगला, आणि त्याच्या जागी दुसरा माणूस बसला. आपल्याकडेही मेलेल्याचा पुतळा होतो आणि जगलेल्याची बदली होते. निवड करायची वेळ आली तर मी जगण्याच्याच बाजूने मत देईन.

वॉर्ड मधूनमधून परत येत राहिला. १९९७ च्या डिसेंबरात चौघे बर्मिंगहॅमला पुन्हा एकत्र वाजवले. पुढच्याच वर्षी वॉर्डला हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातूनही तो उठला. ११ नोव्हेंबर २०११ रोजी चौघांनी एकत्र बसून नव्या तबकडीची आणि दौऱ्याची घोषणा केली. तीन महिने झाले नाहीत तोच वॉर्डने जाहीर केले की आपल्यापुढे ठेवलेल्या करारावर आपण सही करू शकत नाही. ऑझीने पुढे सांगितले की वॉर्डची प्रकृती एवढा मोठा कार्यक्रम झेपण्यासारखी राहिली नव्हती. करारातली कलमे बाहेर आली नाहीत, आणि एका बाजूचे ऐकून निवाडा देण्याची मला सवय नाही. मालकीच्या पक्षाला दौरा पार पडेल याची काळजी असते, ती खोटी नसते. काम करणाऱ्याला आपली किंमत कागदावर घसरू नये असे वाटते, तेही खोटे नसते. परंतु तबकडी निघाली. दुसरा एक कसलेला वादक घेऊन २०१३ साली ‘थर्टीन’ प्रसिद्ध झाली, आणि इंग्लंडात व अमेरिकेत दोन्हीकडे विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेली.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण हे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते. बदली माणूस ठेवला आणि माल अधिकच खपला! व्यवस्थापन असा आकडा टेबलावर टाकते तेव्हा संघटनेच्या माणसाची क्षणभर वाचा बसते. पण आकडा काय सांगतो ते नीट पाहावे. तो सांगतो की गिऱ्हाइकाने चाळीस वर्षांच्या नावावर पैसे मोजले. ते नाव ज्यांनी कमावले त्यांत चौथा कोण होता, हे तो आकडा सांगत नाही. ती तबकडी लावून पाहा. ड्रम स्वच्छ आहेत, बिनचूक आहेत, गिटार म्हणते तिथे ठोका पडतो. नाही तो फक्त झोका. ओझे तेच आहे, पण हमाल ताठ चालतो आहे. ४ फेब्रुवारी २०१७ रोजी बर्मिंगहॅममध्ये त्यांनी निरोपाचा कार्यक्रम केला. वॉर्डच्या गावातला वॉर्डच्या वाद्यवृंदाचा निरोप, आणि त्यात वॉर्ड नाही.

तो निरोप शेवटचा ठरला नाही. ऑझीला कंपवाताने गाठले होते. मरणाआधी एकदा गावात गायचे, आणि तेही मूळच्या चौघांनी, असे ठरले. २०२५ च्या जूनअखेर बर्मिंगहॅम नगरीने चौघांना शहराचे मानाचे नागरिकत्व दिले, आणि ५ जुलैला ॲस्टनमधल्याच व्हिला पार्क मैदानावर, लहानपणीच्या घरांच्या हाकेच्या अंतरावर, ते चौघे वीस वर्षांनी एकत्र आले. मेटॅलिका आणि गन्स एन् रोझेस यांच्यासारखे जगभर गाजलेले वाद्यवृंद त्या दिवशी आधी वाजवून गेले. गायक खुर्चीवर बसून गायला. ड्रमवर सत्त्याहत्तर वर्षांचा बिल वॉर्ड. गीते फक्त चार : ‘वॉर पिग्ज’, ‘एन आय बी’, ‘आयर्न मॅन’ आणि ‘पॅरानॉइड’. मिळकत लहान मुलांच्या रुग्णालयाला, मुलांच्या शुश्रूषाकेंद्राला आणि कंपवाताच्या संशोधनाला दिली. मी त्याचे चित्रण पुन्हा पुन्हा पाहिले. हात पूर्वीसारखे धावत नव्हते. काही ठिकाणी लय सैल पडली. पण गिटार थांबली की उत्तर येत होते, आणि ते उत्तर देणारा तोच होता. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी वारला. चौघे पुन्हा एकत्र बसण्याचा प्रश्न त्या दिवशी कायमचा मिटला.

या वाद्यवृंदाने मागे काय ठेवले? गावात ब्रॉड स्ट्रीटवर एका पुलाला २०१९ साली त्यांचे नाव दिले, आणि चौघांच्या मुद्रा असलेला एक बाक तिथे ठेवला. ऑझीची अंत्ययात्रा त्या पुलाशी थांबली. २०२३ साली बर्मिंगहॅमच्या रॉयल बॅले मंडळीने त्यांच्या संगीतावर नृत्यनाट्य केले. ज्यांना एके काळी गोंगाट म्हटले त्यांच्यावर उच्चभ्रू रंगमंदिरात पायाच्या टोकांवर नाचले गेले. २००६ साली अमेरिकेतल्या रॉक संगीताच्या सन्मानमंदिरात त्यांना प्रवेश मिळाला तेव्हा त्यांचा गौरव करण्यास मेटॅलिकाचे दोघे उभे राहिले होते. त्यांतला एक, लार्स उल्रिक, स्वतः ड्रमवादक आहे. हेवी मेटल नावाचा एवढा मोठा वृक्ष झाला त्याच्या मुळाशी ॲस्टनची ती चार मुले आहेत, यावर आता वाद उरलेला नाही. वाद उरतो तो एवढाच की मूळ म्हणताना आपण किती नावे घेतो.

कामाचे मोल तीन तऱ्हांनी ठरते असे मी अनुभवाने शिकलो. एक बाजार ठरवतो, आणि २०१३ साली बाजाराने वॉर्डची किंमत शून्य केली. दुसरे करार ठरवतो, आणि त्या करारावर सही झाली नाही. तिसरे ठरते ते जागा रिकामी राहते तेव्हा. खात्यातला एक जुना माणूस निवृत्त होतो. यंत्र तेच, कच्चा माल तोच, नवा माणूसही हुशार. तरी महिनाभर सारे खाते कुठेतरी अडखळते, आणि तेव्हा कळते की तो माणूस आपल्या कामाखेरीज दुसऱ्यांच्या कामातल्या फटीही बुजवीत होता. ते त्याच्या हजेरीपत्रकावर कुठेही लिहिलेले नसते. ते ओळखून लिहून ठेवणे हे संघटनेचे काम आहे, आणि कलेच्या बाबतीत ते रसिकाचे काम आहे.

म्हणून आपणांस एकच विनंती करून रजा घेतो. ‘वॉर पिग्ज’ हे गीत मिळवून दोनदा ऐका. पहिल्यांदा जसे ऐकू येईल तसे. आवडले नाही तरी हरकत नाही, मलाही पहिल्यांदा आवडले नव्हते. दुसऱ्यांदा माझ्या टूलरूममधल्या सहकाऱ्याचे ऐका. गिटार सोडा, गायक सोडा, नुसता ड्रम धरून शेवटपर्यंत चला. मग ठरवा, ते गीत किती जणांचे आहे.